फागोजींचा हात

फागोजी भुरे गेले ते भांडता भांडताच. शहापूरला हायवेवर त्यांची बैलजोडी रस्ता ओलांडत होती आणि एक ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. फागोजींनी बैल पलीकडे नेऊन सोडले आणि ते परत रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले, त्या ट्रकवाल्याला खाली उतर म्हणून सांगायला. तो काही उतरला नाही. बाजूने जोरात आलेल्या दुसऱ्या गाडीला मात्र मध्ये उभा असलेला माणूस दिसला नाही. गावात बातमी आली तेव्हा जो तो एकच विचारत होता, "कोणासंगं भांडून राहिले होते?"

मी त्यांची शेजारीण. शाळेत नोकरीला होते तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावरही. त्यांच्या अंगणात काय चाललंय ते माझ्या ओट्यावरून दिसायचं, आणि जे दिसायचं नाही ते ऐकू यायचं. उंचीने बेताचे, मान आखूड, मनगटं मात्र अशी की घड्याळाचा पट्टा पुरत नसे. डाव्या तळहातावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसायची त्यांना सवय होती. समोरच्याशी वाद वाढला की ते घोटणं थांबवत, पन्नी नीट दुमडून खिशात टाकत आणि मगच हात उचलत. खर्रा खिशात गेला की शहाणे लोक दोन पावलं मागे सरकत. जे सरकत नसत त्यांची नावं पोलीस ठाण्यात फिर्यादी म्हणून असत. एसटीचा कंडक्टर, राइस मिलचा काटेवाला, सख्खा पुतण्या, ग्रामसभेत एक माजी सरपंच. ठाण्यातले लोकही त्यांना इतके ओळखत होते की गेल्यावर आधी खुर्ची देत.

या मारामारीला एक नियम होता. बाईवर आणि बैलावर हात टाकायचा नाही. एक दिवस सोडला तर त्यांनी स्वतः कधी टाकला नाही, आणि दुसऱ्या कोणी टाकलेला दिसला तर त्याची धडगत नसे. फागोजींचे बैल शंकरपटात धावायचे. आमच्याकडे थंडीत गावोगावी पट भरतात, जोड्या धावतात, आणि जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हातात तुतारी असते, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. आंबागडच्या पटात त्यांच्याच धुरकऱ्याने जिंकायच्या नादात ती तुतारी बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसली. जोडी पहिली आली. लोक गुलाल घेऊन धावले, आणि फागोजींनी त्या गुलालातच धुरकऱ्याला खाली पाडून तीच तुतारी त्याच्या मांडीत टोचली. "कसं वाटते? सांग न! कसं वाटून राहिलं?" असं ते ओरडत होते. त्याच्या धोतरावर गुलाल कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. पहिल्या नंबरची ढाल त्या दिवशी कोणी घ्यायलाच गेलं नाही.

हे सगळं मला किळसवाणं वाटायचं. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही. शिक्षिका असल्यामुळे आणि बाई असल्यामुळे मला ते शक्य होतं.

त्यावर एका दुपारी ते माझ्या ओट्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. "मॅडम, माह्या बापानं माह्या मायले लाथ मारली होती. अठी." त्यांनी स्वतःच्या छातीवर डाव्या बाजूला हात ठेवला. "जेवनात केस निंगाला म्हनून. म्या पाह्यलं. लहान होतो, ताटावर बसलो होतो. मंग तठीच गाठ आली. मंग ते फुटली. घरात वास सुटला होता, बाप बाहेर झोपे. माय मरेपर्यंत मी तिच्याजवळ होतो." थोडा वेळ त्यांनी खर्रा घोटला. "बापाले म्या मारू नाही शकलो. मी मोठा होयेपर्यंत तो मेला."

बाईच्या छातीत गाठ होते ती पुरुषाच्या मारानं, हे त्यांनी त्या ताटावर बसून शिकलेलं होतं. पुढे आयुष्यभर त्यात त्यांना शंका आली नाही.

त्यांना दोन बहिणी. थोरली कौसल्या नाकाडोंगरीला दिलेली. चाळिशी गाठायच्या आत तिला गाठ झाली. भावाला कळेल म्हणून तिने ती पदराखाली लपवली, कारण भाऊ येऊन काय करील ते तिला पक्कं ठाऊक होतं. फागोजींना कळलं तेव्हा ती खाटेवरून उठत नव्हती. तिचा नवरा बळीराम खाणीवर मजुरीला जायचा. साधा माणूस, आवाज न चढणारा. बायकोला त्याने भंडाऱ्याला नेलं, गोंदियाला नेलं, जे सांगतील ते केलं. ती गेली तेव्हा चिता पेटवून तो मागे सरला, आणि तिथेच फागोजींनी त्याला धरला.

मी त्या अंत्यविधीला गेले नव्हते, पण गावातले जे गेले होते ते आजही त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. फागोजींनी बळीरामला चितेच्या लाकडांतला उरलेला ओंडका घेऊन मारलं. तोंडावर मारलं. "माह्या बहिणीच्या छातीवर हात उचललास!" म्हणत मारलं. बळीराम नाही म्हणत होता, मग नाही म्हणण्याइतकंही तोंड त्याच्याकडे राहिलं नाही. जबडा दोन ठिकाणी मोडला. जाळ एकीकडे, मारणारा एकीकडे, आणि मधे पोरं बापाच्या अंगावर पडून रडत होती. पुढे केस झाली, मिटली. बळीरामचा जबडा वाकडा जुळला. त्यानंतर त्याला भाकर भिजवल्याशिवाय खाता आली नाही.

फागोजींना याचं तेव्हा जराही वाईट वाटलं नव्हतं. उलट बापाला मारायचं राहून गेलेलं काम आपण पुरं केलं, अशा थाटात ते गावात फिरायचे. त्या दिवसांत मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

मग काही वर्षांनी धाकटीला, शकुनला, गाठ झाली. शकुन साकोलीकडे दिलेली, नवरा शिंपी, मशीनवर वाकून वाकून पाठीत पोक आलेला. फागोजी पन्नी खिशात टाकूनच त्याच्या दुकानात शिरले आणि त्यांनी त्याची गचांडी धरली. शकुन आतून धावत आली आणि दोघांच्या मधे उभी राहिली. तिचा आवाज त्या दिवशी चौकापर्यंत गेला म्हणतात. "दादा, ह्या मानसानं मले आजपर्यंत बोट नाही लावलं! तू माह्या गळ्याची शपथ घे न मंग मार! मारून पाह!"

फागोजींनी हात सोडला. एकदा धरलेला माणूस असा न मारता त्यांनी याआधी कधी सोडला नसेल. आता ते शिंप्याकडे पाहत राहिले. मारणारा नाही, तरी गाठ आहे, हे काही त्यांच्या डोक्यात बसेना.

शकुनला नागपूरला नेलं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आई आणि थोरल्या बहिणीचं ऐकून शकुनच्या रक्ताची एक तपासणी करायला लावली आणि तिचा निकाल आल्यावर भावाला घेऊन या असं सांगितलं. फागोजी माझ्या दारात आले. "मॅडम, चाला. डॉक्टरची भाषा तुम्हाले समजते. मले राग येते." जुना अबोला मी गिळला, शकुनसाठी.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी सांगितलं की स्तनाचा कॅन्सर बहुतेक बायकांना असा घराण्यातून येत नाही, पण काही घरांत येतो, आणि हे घर त्यातलं आहे. शरीरात पेशींची मोडतोड दुरुस्त करणारं एक जनुक असतं, त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. शकुनची एक प्रत बिघडलेली निघाली. ती तिला बहुधा तिच्या आईकडून आली आणि कौसल्यालाही आली असावी. बिघडलेली प्रत असली म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, पण धोका फार वाढतो.

"आन् मारानं?" फागोजींनी विचारलं.

"मारानं कॅन्सर होत नाही, काका. फार तर मार लागल्यावर बाईचा हात तिथे जातो आणि आधीच असलेली गाठ तिला सापडते."

डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, "तुम्हाला मुलगी आहे ना? ती प्रत तुमच्यात असू शकते, आणि तुमच्याकडून तिच्यात. निम्मी निम्मी शक्यता."

इथे फागोजी हसले. खरोखर हसले. "बाई, तुमी शहरच्या. बाईचा रोग बाईकडून जाते. माह्या ज्योतीचं आजोळ आंबागडचं. सोयरिकीत आमी आदी आजोळच पाह्यतो. तिची आजी अजून मोहफुलं वेचाले जंगलात जाते, पणजी पोतीभर धान कांडे. तठी कोनाले काही नाही. मी तर मानूस आहो. माह्यात कायचा बाईचा रोग?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा धंदा विचारला. शेती, आणि पटाचे बैल, एक-दोन दुभत्या गाई, असं शकुनने सांगितलं.

"मग कालवड विकत घेता तेव्हा काय विचारता?"

"तिची माय किती दूध देते ते. आन् वळू कोन्या गाईचा ते."

"वळूच्या आईचं दूध कशाला विचारायचं? वळू तर दूध देत नाही."

"देत नाही, पन त्याच्यातून..." फागोजी थांबले.

इतकी वर्षं गुरांच्या बाजारात जो प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला, तो घरच्या पोरीबाबत त्यांना कधी सुचला नव्हता. सुचणार कसा? आमच्याकडे मुलगी पाहायला गेले की आजोळच्या बायका विचारतात, बापाच्या बहिणी कशाने गेल्या ते कोणी विचारत नाही.

त्यांचा हात खिशाकडे गेला. दवाखान्यात खर्रा बाहेरच ठेवायला लावला होता, पण हाताला सवय होती. मी शकुनला मागे ओढलं. फागोजी उठले आणि त्यांनी भिंतीवर मूठ मारली. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा, हाड मोडल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला तरी मारतच राहिले. भिंतीवर रक्ताचे ठसे उमटले. दोन वॉर्डबॉय आले तेव्हा कुठे थांबले. प्लास्टर घालायला खाली नेताना लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "मंग बळीरामचा जबडा म्या कायले फोडला?"

ज्योती त्यांची एकुलती एक. शेती खात्यात कृषी सहायक म्हणून मोहाडीकडे नोकरीला, स्कूटीवरून बांध्याबांध्यांतून फिरणारी, माझ्याखेरीज बापाला तोंडावर बोलणारी गावातली एकमेव व्यक्ती. तिला मी सगळं सांगितलं आणि तिने लगेच ठरवलं की तपासायचं. तिचं नुकतंच साक्षगंध झालेलं होतं, लग्न उन्हाळ्यात होतं. फागोजींनी नाही म्हणून सांगितलं. भिंत फोडून आलेला माणूस, पण नाही. लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू. कोणाला कळलं तर सोयरीक मोडेल, मोडलेल्या पोरीला दुसरं स्थळ येणार नाही, आणि कारण विचारतील तेव्हा काय सांगायचं? त्यांची बायको देवकाबाई दोघांच्या मधे ताटं ठेवायची आणि उचलायची.

तो दिवस मी ओट्यावरून पाहिला. धान कापून झालं होतं, अंगणात चुरणा, म्हणजे मळणी, चालू होती. ज्योतीने स्कूटी बाहेर काढली. नागपूरला चालली होती.

"कुठं चालली?"

"माहीत आहे तुमाले."

"घरात चाल."

"बाबा, शकुन आत्याचं टक्कल म्या धुतलं आहे. मले माहीत पाहिजे माह्या अंगात काय आहे ते. लग्न मोडन तर मोडन."

त्यांनी स्कूटीचं हँडल धरलं. तिने झटका देऊन सोडवलं. पुन्हा धरलं. तिने त्यांना ढकललं, आणि फागोजींचा उजवा हात, प्लास्टरमधला, सणकन फिरला. तो तिच्या छातीवर बसला. ज्योती स्कूटीसकट तणसाच्या पेंढ्यावर पडली. श्वास अडकून तिचं तोंड उघडं राहिलं होतं आणि आवाज येत नव्हता.

अंगणातले मजूर जागच्या जागी उभे राहिले. देवकाबाईंनी किंकाळी फोडली. फागोजींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग ते बैल बांधायच्या दगडी खुंट्याकडे गेले आणि त्या खुंट्यावर त्यांनी तो हात आपटायला सुरुवात केली. प्लास्टरचे तुकडे उडत होते. आतलं न जुळलेलं हाड पुन्हा मोडलं असणार, पण ते ओरडत होते ते वेगळंच. "अठी लागलं काय? ज्योती, कुठं लागलं? सांग न माय! अठी लागलं काय?" रागावणारे, मारणारे फागोजी मी जन्मभर पाहिले, पण त्या दिवशी मला त्यांची जेवढी भीती वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. आणि तेवढीच कीवही आली.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे आले. हात लोंबत होता. "मॅडम, गाडी करा. नागपूरले चाला. तिले माह्या हातानं लागलं."

"भाऊ, डॉक्टरांनी सांगितलं ना, मारानं होत नाही म्हणून?"

"सांगलं. मले समजलं बी. पन मायची गाठ म्या पाह्यली आहे, मॅडम. लाथ बी पाह्यली आहे. डॉक्टरनं नाही पाह्यली. माह्या हातानं गाठ होईन तिले. आजच दाखवा. आता चाला."

जी तपासणी होऊ द्यायची नाही म्हणून त्यांनी पोरीला आडवं केलं, ती तपासणी तिला आडवं केल्यामुळेच झाली. डॉक्टरीणबाईंनी ज्योतीला तपासलं, मुका मार आहे म्हणाल्या, आणि बापलेकीचं दोघांचंही रक्त घेतलं. फागोजी पुन्हा पुन्हा विचारत होते, लागलं तिथे नीट पाहिलं ना. ज्योती छातीवर बर्फ धरून बसली होती. मला म्हणाली, "मार खाल्ला तवा टेस्ट झाली, मॅडम. लिहून ठेवा कुठं."

निकाल आला. फागोजींमध्ये ती बिघडलेली प्रत होती, आणि ज्योतीमध्येही.

आता दरवर्षी छातीचा एमआरआय करायचा, पुढे वय वाढलं की मॅमोग्राफीही. गाठ व्हायचीच असेल तर ती दाण्याएवढी असतानाच सापडावी, म्हणजे जीव वाचतो. पुढे मुलंबाळं झाल्यावर स्तन आणि अंडाशय काढून टाकायचा रस्ताही आहे, धोका त्याने खूप कमी होतो, पण ते ज्योतीने ठरवायचं, घाईने नाही. डॉक्टरीणबाई हे सांगत होत्या आणि ज्योती प्रश्न विचारत होती, धानावरच्या किडीबद्दल विचारावेत तसे. फागोजी जमिनीकडे पाहत होते. पुरुषांनाही क्वचित होतो, तेव्हा काका तुम्हीसुद्धा छाती तपासत चला, असं बाई म्हणाल्या त्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

ज्योतीने लग्न ठरलेल्या मुलाला स्वतः फोन करून सांगितलं. मुलगा बरा होता, पण घर त्याच्या बापाचं होतं. साक्षगंधाची साडी आणि अंगठी परत मागायला त्यांच्याकडची माणसं आली तेव्हा अर्धं गाव आमच्या गल्लीत काही ना काही काम काढून उभं होतं. मीही फोन हातात धरून उभी होते, पोलिसांना बोलवायला. मुलाचा काका म्हणाला, "रक्तच खराब आहे म्हनते, मंग कसं करायचं?" फागोजींचं घोटणं थांबलं. पन्नी दुमडली. ज्योती दारातूनच म्हणाली, "बाबा." त्यांनी पन्नी पुन्हा उघडली, आणि देवकाबाईंना चहा टाकायला सांगितला. पाहुणे चहा पिऊन, धडधाकट, आपल्या पायांनी परत गेले. गावाची त्या दिवशी मोठी निराशा झाली.

मग एका सकाळी फागोजी नाकाडोंगरीला गेले. तिथे काय झालं ते शकुनने मला सांगितलं, ती सोबत होती. बळीराम अंगणात बसला होता. फागोजींनी आपली काठी त्याच्या पायाशी टाकली, सदरा काढला आणि समोर मातीत बसले. "माह्या मायकडून आलं होतं ते कौसल्याबाईले. तुह्या हातानं नाही. म्या तुले फुकट मारलं. आता मार."

बळीराम म्हणाला, "जा इथून."

"जात नाही. मार."

बळीरामने काठी उचलली आणि मारलं. शकुनला वाटलं होतं एखादी मारील आणि गळ्यात पडेल, पण तसं झालं नाही. पाठीवर, दंडांवर, तोंडावर, तो दम लागेपर्यंत मारत राहिला, आणि मारताना त्याच्या वाकड्या तोंडातून लाळ गळत होती. फागोजींनी एकदाही हात आडवा धरला नाही. काठी मोडली तेव्हा बळीराम खाली बसला आणि हंबरडा फोडून रडला. सुनेने चहा-रोटी आणली. दोघंही जेवले. बळीरामने रोटी चहात भिजवली, आणि त्या दिवशी ओठ फाटल्यामुळे फागोजींनीही भिजवली.

ते परत आले तेव्हा एक डोळा पूर्ण मिटलेला होता. काय झालं म्हणून मी विचारलं. "बरं वाटून राहिलं," एवढंच ते म्हणाले.

यापुढे माणूस सुधारला असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही. फक्त मारामारीचं कारण बदललं. आईच्या माहेरच्या प्रत्येक घरात ते गेले. ममेभाऊ, त्यांच्या मुली, नाती. "पोरीले नागपूरले घेऊन जा. तुह्याबी रक्ताची टेस्ट कर." समोरचा पुरुष हसला, मला काय बाईचा रोग होणार आहे म्हणाला, की त्याची कॉलर धरायचे. एका ममेभावाला तर त्यांनी विहिरीच्या काठावरून अर्धा आत लोंबकळत धरला, जातो म्हणेपर्यंत. तो गेला, आणि त्याच्या मुलीची गाठ अगदी लहान असताना सापडली. ती आज बरी आहे. विहिरीवरची ती पद्धत मला अजिबात पसंत नाही, पण त्या मुलीला पाहिलं की मी गप्प बसते.

ज्योतीच्या पहिल्या एमआरआयला तिने मला सोबत बोलावलं, कारण बाबा येतोच म्हणतात आणि त्यांना धरायला कोणीतरी हवं. सकाळची वेळ होती. आम्ही दोघं मशीनच्या खोलीबाहेर लाकडी बाकावर बसलो. ज्योती कानातल्या रिंगा, साखळी, सगळं माझ्या हातात देऊन आत गेली. दार लागलं. थोड्या वेळाने आतून आवाज सुरू झाले. ज्यांनी ते मशीन ऐकलं नसेल त्यांना सांगते, ते ठोकतं. लोखंडावर घण घालावा तसं ठोकतं, थांबतं, पुन्हा वेगळ्या लयीत ठोकायला लागतं.

फागोजी ताडकन उठले. "कोन मारून राहिलं तिले?" मूठ आवळून ते दाराकडे निघाले. उजवा हात तेव्हा कायमचा वाकडा झाला होता, पण मूठ वळत होती. मी दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांच्याबरोबर फरफटत गेले. "भाऊ, मशीन आहे ते! मशीनचा आवाज आहे. ती नुसती पालथी पडून आहे. तिला कोणी हातसुद्धा लावत नाही."

ते दाराशी थांबले. आतून ठोके पडतच होते आणि प्रत्येक ठोक्याला त्यांचे खांदे हलत होते.

"लागत नाही तिले?"

"नाही लागत."

"आन् हे ठोकून ठोकून शोधते?"

"शोधतंय. काही असेल तर दिसेल त्यात."

त्यांनी मूठ सोडली. तो वाकडा हात त्यांनी दारावर सपाट टेकवला, आणि मशीन पुन्हा सुरू झालं तसं ते दाराला तोंड लावून, आतल्याला ऐकू जावं अशा आवाजात बोलू लागले. "हान. जोरानं हान. लपून बसलं असन तर काढ बाहेर. हान, बाप्पा, थांबू नको."

नर्सने त्यांना बाकावर बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.